मानपाड्याच्या माळावरचा नाकतोडा

मी संशयी माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाची तक्रार नको. गवळ्याने दूध जरा घाईने ओतलं तरी मी वाकून भांड्यात बघतो. पत्र आलं की आधी पाकिटाची चिकटवलेली कड बघतो, मग अक्षर. ठाण्याच्या कचेरीत मी कारकून होतो तेव्हा माझी ही खोड फार कामाला आली. खाडाखोड केलेली तारीख, एकाच्या नावापुढे दुसऱ्याचा अंगठा, मुद्दाम जुनाट केलेला कागद, असलं काही माझ्या नजरेतून सुटायचं नाही. आमचे शिरस्तेदार हरिहरपंत चारचौघांत म्हणायचे, "त्र्यंबकला फसवणारा अजून जन्माला यायचा आहे." मी खाली मान घालून लिहीत राहायचो आणि मनातून फुगायचो.

म्हणूनच टोळांचं काम माझ्या गळ्यात पडलं.

टोळधाड येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षाची, म्हणजे १८८३ सालची ही गोष्ट. धाडीने उभी पिकं फस्त केली होती आणि सरकारची झोप उडाली होती. मुंबईला किड्यांचा अभ्यास करणारा एक साहेब होता. जिल्ह्यात नाकतोड्यांच्या कुठल्या जाती राहतात, कुठल्या जमिनीत राहतात, त्यांतले टोळ कोणते आणि बिनउपद्रवी कोणते, याची यादी त्याला हवी होती. सोबत एक छापील हुकूमही होता. ज्या माळावर टोळांनी ठाण मांडल्याचा संशय येईल तो माळ दसऱ्यापर्यंत बंद. गुरं घालायची नाहीत, गवताची काडी उचलायची नाही, वर सरकारी पहारा. हरिहरपंतांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "टोळाला टोळ म्हणून ओळखायला तुझ्यासारखाच माणूस पाहिजे."

मला किड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हे कबूल करायला मी काय वेडा होतो? मी एक तक्ता आखला. पहिलं सदर रंग, दुसरं आकार, मग जागा, मग गावाचं नाव. रंग पहिला ठेवला, कारण तो सगळ्यात आधी दिसतो. हे सदर मला पुढे किती महाग पडणार होतं याची तेव्हा कल्पना नव्हती.

माघ संपता संपता मी आगगाडीने कल्याणला उतरलो आणि बैलगाडीने मानपाड्याला गेलो. डोंबिवलीच्या पूर्वेला आहे ते गाव. खाली खाडीकडे भातशेती आणि मिठागरं, वर मुरमाचा उघडा माळ. माळ सरकारी, पण वापर गावाचा. गुरांचं गवत त्यावरचं, आणि राबाचं सामानही त्यावरचंच. राब म्हणजे रोप टाकायच्या आधी जमिनीच्या तुकड्यावर गवत, पाला, शेण पसरून तो तुकडा भाजायचा. त्याशिवाय रोप धरत नाही असं तिथली माणसं शपथेवर सांगतात. तेव्हा माळ गेला तर बैलही गेले आणि भातही गेलं, इतका साधा हिशेब होता.

गावात शिरलो तर माणसं घरात शिरली. त्यांच्या मते मी मोजणीवाला होतो. कोणीतरी विचारलं, "साखळी कुठाय तुमची?" मी म्हटलं, मी जमीन मोजायला नाही, नाकतोडे बघायला आलोय. त्यावर तो माणूस माझ्याकडे असं बघत राहिला की मलाच माझं बोलणं खोटं वाटायला लागलं. नाकतोडे बघायला ठाण्याहून माणूस येतो यावर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता.

पुढे आला तो फक्त धाकू. तीस-पस्तिशीचा, काटक, पायाला मिठागराच्या भेगा पडलेला आगरी माणूस. दोन बैल आणि खालच्या अंगाला थोडं भात, एवढा त्याचा संसार. तो म्हणाला, "नाकतोडंच बगायचं ना? चला, दावतो." मागून त्याची बायको सगुणा दारातून ओरडली, "अरं, नको जाव! यो लिवून नेतोय सगला. लिवलेला कंदी आपल्या कामाला आलाय?"

"नाकतोडा लिवून कोन काय करील?" धाकू हसून म्हणाला आणि चालायला लागला.

तो दिवस मला अजून आठवतो, कारण त्या दिवशी मी संशय घ्यायचा विसरलो होतो. धाकू मुरमावर उकिडवा बसला आणि मलाही बसवलं. मला समोर दगडाशिवाय काही दिसेना. त्याने बोटाने दाखवलं तेव्हा एक दगड उडाला. क्रर्र असा आवाज करत सातआठ हात गेला आणि पुन्हा दगड झाला. उडताना मागचे पंख पिवळे झळकले, त्यावर काळा पट्टा. खाली बसला की पिवळं सगळं मिटून जायचं आणि उरायचा मुरमाचा करडा रंग, ठिपक्यांसकट.

"पिवळा बगून लोक त्याच्यामागं धावतात," धाकू म्हणाला. "आनी बसला का पिवळा र्‍हातच नाय. मंग कुठं शोधनार?"

त्याने एक अलगद धरून मला हातात दिला. मागच्या पायाची नळी आतून निळसर होती. तोंड चपटं. मी म्हटलं, हा शेतात येत नाही? धाकू मला बांधापर्यंत घेऊन गेला. एका अंगाला माळ, दुसऱ्या अंगाला खाजणाची दमट जमीन. त्याने चार नाकतोडे बांधाकडे हाकलले. चारही बांधापर्यंत उडाले आणि तिथून वळून मागे फिरले.

"वल्या जागंला यो जीव जात नाय," तो म्हणाला. "हिरवा गवतही त्याला नको. कडक भुई पायजे, उघडी. शेपूट भुईत घालून अंडी देतो, ती बी मुरमातच. टोळ कसा, आज हितं तर उद्या तिकडं. यो मरंपरेंत आपला माळ सोडत नाय."

"तुला हे सगळं कोणी सांगितलं?"

"कोन सांगील? गुरं राखली ना मी."

मी सगळं मोडीत उतरवून घेतलं. पुढच्या पंधरा दिवसांत कल्याण, मुंब्रा, शीळ अशी भटकंती केली. धाकू म्हणाला तसंच सगळीकडे दिसलं. उघडा मुरूम तिथे हा नाकतोडा, पाण्याची ओल लागली की नाही. मी मुंबईला सुबक अहवाल पाठवला आणि त्यात धाकूचं नाव घातलं नाही. साहेबाने उत्तर पाठवलं, की वर्णनावरून ही जात कोरड्या माळावरची, स्थानिक आणि बिनउपद्रवी दिसते. मात्र खात्रीसाठी मानपाड्याच्याच माळावरचे वीस नाकतोडे जिवंत पाठवावेत. ते आले की माळाला धोका नाही असं तो लेखी देणार होता. हरिहरपंतांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मी धाकूला निरोप पाठवला. चैत्रात, ऊन चढायच्या आत, तो डोक्यावर झाकलेली टोपली घेऊन ठाण्याला माझ्या घरी आला. मानपाड्याहून पायी. अंगणात टोपली ठेवली, घाम पुसला आणि मोठ्या खुशीत म्हणाला, "इसाला तीस आनलंय, भाऊसाहेब."

मी फडकं बाजूला केलं. आतले सगळे नाकतोडे काळे होते.

राखट नव्हे, करडे नव्हे, तव्याच्या बुडासारखे काळे. मी एक बाहेर काढला, तो इतका वळवळला की त्याचा मागचा डावा पाय माझ्या बोटांत तुटून आला. तोही काळाच. मी धाकूकडे बघितलं.

"हे कुठले?"

"आपल्या माळावरचंच. तुमी बगितलंत ना, तेच."

"ते करडे होते."

"तवा करडं होतं. आता माळाच्या कडंला राब भाजलाय. राबावर बसून काळं झालंय. भुई काळी, तर यो काळा. सकाळचं त्या राखंत ऊब असते, म्हनून तिथंच बसतात आनी पटकन धरता येतात."

त्याने हे इतक्या सहज सांगितलं की माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली. आजवर मला फसवायला आलेले सगळे असेच सहज बोलले होते. जिवंत प्राणी काय कापड आहे रंगवायला? राखेत बसून जो काळा होतो तो किडा मी ऐकला नव्हता. ऐकला नव्हता म्हणजे तो नाहीच, असं मला वाटत असे.

"धाकू, खरं बोल. माळावरचे करडे नाकतोडे कुठे आहेत? हे दुसरीकडून आणलेस ना?"

"दुसरीकडून कशाला आनू?"

"तेच मी विचारतोय. कशाला?"

त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला, पण तो मी पकडला गेलेल्या माणसाचा चेहरा समजलो. आज सांगतो, अपमान झालेल्या माणसाचाही चेहरा तसाच उतरतो. मला तेव्हा फरक कळला नाही, आणि कळून घ्यायची गरजही वाटली नाही. धाकू म्हणाला, "एकदा राबावर येऊन बगा, भाऊसाहेब." मी म्हटलं, "तू मला बघायला शिकवू नकोस." तो तसाच उलट पावली निघून गेला. पाणीसुद्धा मी विचारलं नाही.

मी त्याच दिवशी कचेरीत लिहून दिलं: मानपाड्याच्या माणसाने आणलेले नाकतोडे पूर्वी पाहिलेल्या जातीचे नाहीत. रंग वेगळा आहे. नमुने बदलले असावेत. एवढंच. टोळ हा शब्द मी लिहिला नव्हता. पण मी ज्यांच्या हाताखाली घडलो ते हरिहरपंत काही कमी नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचार सुरू केला. नमुने का बदलले? काहीतरी लपवायचं असेल म्हणून. माळावर लपवण्यासारखं काय असतं? आणि टोळांची पिल्लं काळी असतात असं छापील कागदात आहेच. "मला तर तीच वाटतात," ते म्हणाले.

खरं तर टोपलीतल्या नाकतोड्यांना चांगले पुरते पंख होते. पिल्लांना पंख नसतात, हेही त्याच कागदात पुढच्या ओळीत होतं. ती ओळ त्यांनी वाचली नाही. मी वाचली होती. पण हरिहरपंतांचा संशय माझ्या संशयाचाच पुढचा मजला होता, आणि स्वतःचं घर कोण पाडतं? मी गप्प राहिलो. आठ दिवसांत मानपाड्याचा माळ बंद झाल्याचा हुकूम निघाला.

टोपली मात्र मी घरी ठेवली होती. पुरावा म्हणून. उद्या गावाने उलट अर्ज केला तर दाखवायला हवा ना. माझं कुटुंब मंदाकिनी, तिला ही वस्तू घरात नको होती. दोनतीन दिवस तिने चालवून घेतलं. मग घाण वास येतो म्हणून तिने टोपलीतली राख आणि कुजका पाला काढून टाकला, तुळशीसाठी आणलेली पिवळट मुरमाड माती तळाशी पसरली आणि वर वाळकं गवत टाकलं. मुक्या जिवांना उपाशी ठेवायचं नाही, इतकाच तिचा विचार. मला तिने सांगितलंही नाही.

हुकूम निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी टोपली उघडली. आत करडे नाकतोडे बसले होते. ठिपक्यांसकट, मुरमाच्या रंगाचे.

माझा पहिला प्रश्न काय असावा? मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं, "मानपाड्याहून कोणी आलं होतं का घरी?"

"कोण येणार?"

"टोपलीला कोणी हात लावला?"

"मी लावला. माती बदलली."

"आणि आतले किडे?"

तिने हातातली पळी खाली ठेवली. "अहो, मी नाकतोडे बदलले असं म्हणायचंय का तुम्हाला? मी? पदर खोचून माळावर गेले होते का मी?" तिचा आवाज चढला. "लग्नाला अकरा वर्षं झाली. अजून तुम्ही डब्यातल्या गुळावर बोटाची खूण करून ठेवता. मी कधी बोलले नाही. आज मात्र हद्द झाली तुमची."

गुळाचं तिला माहीत होतं हे मला माहीत नव्हतं. मी टोपलीपाशी परत आलो. तिसांतले काही मेले होते. उरलेल्यांत एक हलत हलत कडेला आला. त्याला मागचा डावा पाय नव्हता. जिथून तो माझ्या बोटांत तुटला होता ते खोड सुकून बसलं होतं. मी त्याला उचलला आणि पहिल्यांदाच पंख उघडून बघितला. पिवळा, काळा पट्टा. उरलेल्या पायाची नळी आतून निळसर. जे धाकूने मला पहिल्या दिवशी हातात देऊन दाखवलं होतं ते सगळं जागच्या जागी होतं. बदलला होता फक्त रंग, माझ्या तक्त्यातलं पहिलं सदर.

नमुने कोणी बदलले नव्हते. धाकू शब्दन् शब्द खरं बोलला होता, आणि त्याचा माळ मी बंद करवला होता.

मी टोपली घेऊन धावत कचेरीत गेलो. हरिहरपंतांपुढे ठेवली, लंगडा नाकतोडा दाखवला, माती, राख, सगळं सांगितलं. ते नाकतोड्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. माझं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मानपाड्याहून कोणी आलं होतं का रे घरी?"

मी म्हटलं, "नाही हो. कोणी नाही."

"नाही, हुकूम निघेपर्यंत तुझं एक मत होतं. हुकूम निघाल्यावर एका रात्रीत दुसरं झालं. आता किडा रंग बदलतो म्हणतोस. त्र्यंबक, तुझ्या जागी दुसरा कोणी हे घेऊन आला असता, तर तू काय म्हणाला असतास?"

मी पाय तुटल्याची खूण पुन्हा दाखवली. ते म्हणाले, पाय कोणाचाही तोडता येतो. मी म्हटलं, तुमच्या समोर ठेवतो, तुमच्या कुलपात. चार-आठ दिवस राखेत ठेवू, मग बघा. ते म्हणाले, कुलपाच्या किल्ल्या किती असतात हे तूच मला शिकवलंस. मुंबईच्या साहेबाला हेच पाठवू म्हटलं, तर म्हणाले, नमुने बदललेत असं तूच लिहून दिलंस, आता हे मानपाड्याचे कशावरून? ते चिडले नव्हते. उलट त्यांच्या बोलण्यात काळजी होती, आणि तीच मला जास्त झोंबली. वीस वर्षांची माझी चोख नोकरी त्यांनी तेवढ्या वेळात मनातल्या मनात पुन्हा तपासली असणार.

शेवटी त्यांनाच माझी दया आली. म्हणाले, "असिस्टंट कलेक्टर साहेबाचा तळ सध्या कल्याणला आहे. परवा सकाळपर्यंत तो ऐकून घेईल, मग पुढे जाईल. पण तुझ्या तोंडून नाही ऐकायचा. ज्या माणसाने किडे धरले त्याने येऊन सांगावं, की काळा आणि करडा एकच, आणि दोन्ही मानपाड्याचेच. त्याने राबावर नेऊन दाखवलं तर साहेब स्वतः हुकूम मागे घेईल. तो माणूस येईल ना?"

"येईल," मी म्हटलं. "का नाही येणार? माळ त्याचाच आहे."

दुसऱ्या दिवशी मी मानपाड्याला पोचलो तेव्हा माळाच्या तोंडाशी पहारेकरी बसला होता. गुरं दावणीला बांधलेली, आणि त्यांच्यापुढे घराच्या छपरातलं जुनं गवत ओढून टाकलेलं. धाकू अंगणात दोरी वळत होता. मला बघून तो उठला, खांद्यावरच्या फडक्याने ओटी झटकली आणि म्हणाला, "बसा, भाऊसाहेब." पूर्वी तो असा कधी बोलला नव्हता. पहिल्या दिवशी त्याने मला न विचारताच मुरमावर बसवलं होतं.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मी म्हटलं, "धाकू, माझी चूक झाली. तू खरं बोललास, मी तुला खोटा ठरवलं. आता माझ्याबरोबर कल्याणला चल. साहेबाला तू मला सांगितलंस तेच सांग. उद्या माळ मोकळा होईल."

सगुणा दारात येऊन उभी राहिली होती. धाकूने दोरीचा पीळ पायाच्या अंगठ्यात अडकवला आणि वळत राहिला.

"काय सांगू साहेबाला?"

"नाकतोड्याचं. करडा असतो, राबावर काळा होतो."

"कंचा नाकतोडा?"

मला वाटलं त्याने ऐकलं नाही. मी डबी काढली, लंगडा नाकतोडा तळहातावर घेतला आणि त्याच्यापुढे धरला. "हा."

धाकूने वाकून बघितलं. अगदी नीट बघितलं, कोणी परदेशातली वस्तू दाखवावी तसं. "यो आमच्यात नाय होत," तो म्हणाला.

"धाकू!"

"नाय, भाऊसाहेब. आमच्या माळावर नाकतोडाच नाय. करडा नाय, काळा नाय. मी कंदी बगितला नाय."

"अरे, तूच मला शिकवलंस! बांधापाशी नेऊन दाखवलंस, ओलीत जात नाही म्हणून!"

"ते तुमी लिवलंत," तो म्हणाला. "मी नाय लिवलं."

मी त्याला हात जोडले. कारकुनाने आगऱ्यापुढे हात जोडलेले त्या गावाने कधी पाहिले नसतील. शेजारच्या दोन ओट्यांवर माणसं जमा झाली. मी त्यांनाही विचारलं. कोणीच नाकतोडा बघितला नव्हता. एक म्हातारा म्हणाला, नाकतोडा म्हंजे काय असतो? मी धाकूला म्हटलं, "तुझे बैल उपाशी मरतील रे. एवढं कळत नाही तुला?"

तेव्हा त्याने दोरी खाली ठेवली. "एकदा खरा बोल्लो तर तुमी मना चोर केलंत, तुमच्या अंगनात. बैल बांधून घातलं. आता उद्या साहेबापुढं बोलू? तिथं शिपाई असतोय. त्यो कागुद असतोय. आनी तिथं जर साहेबाला वाटला का यो खोटा बोलतोय, तर मंग? तुमी शिकलेलं. तुमाला नाय पटलं. त्याला कसा पटंल?"

मी म्हटलं, या वेळी मी तुझ्या बाजूने आहे. ते माझं मलाच पोकळ वाटलं. तो मला फसवत नव्हता. मी त्याला फसवतोय असं त्याला वाटत होतं, आणि ते वाटणं त्याला मीच दिलं होतं, घरी बोलावून, अंगणात उभं करून. आम्ही बोलत होतो त्या ओटीपासून चार हातांवर, जळक्या राबाच्या कडेला, एक काळा नाकतोडा क्रर्र करत उडाला. पिवळे पंख उन्हात लख्ख दिसले. मी बघितला. सगुणाने बघितला. धाकूने मान वळवली नाही.

मी एकटाच कल्याणला गेलो. साहेबाने ऐकून घेतलं आणि विचारलं, गावातला कोणी साक्षीला आहे का? मी नाही म्हटलं. त्याने खात्रीसाठी एक शिपाई मानपाड्याला धाडला. तो उत्तर घेऊन आला, की गावचे लोक म्हणतात असा किडा आमच्याकडे नाही. साहेब हसला. किडा नाही म्हणतात म्हणजे नक्की आहे, आणि लपवतात म्हणजे वाईटच आहे, असं त्याने ठरवलं. माळ दसऱ्यापर्यंत बंदच राहिला. मुंबईच्या साहेबाची यादी पुढे छापून आली, तिच्यात त्या नाकतोड्याच्या मुलखात कल्याण, मुंब्रा, शीळ ही नावं आहेत. मानपाडा नाही. गावाने नाही म्हटलं, म्हणून नाही.

श्रावणात मी कामासाठी कल्याणला गेलो होतो तेव्हा शीळच्या वाटेवर धाकू दिसला. तो आणि सगुणा दूरच्या डोंगरावरून गवताचे भारे डोक्यावर घेऊन येत होते, आणि त्यांच्यापुढे एकच बैल चालत होता, बरगड्या मोजता याव्यात असा. दुसरा आषाढात चिखलणीच्या वेळी शेतातच बसला तो उठला नाही, हे मला गावच्या एका माणसाने आधीच सांगितलं होतं. मी वाटेत उभा राहिलो. काय बोलावं ते सुचेना, म्हणून वेड्यासारखं विचारलं, "धाकू, दुसरा बैल कुठाय?"

धाकू थांबला. भाऱ्याखालून त्याने माझ्याकडे बघितलं.

"घरी हाय की," तो म्हणाला. "बरा हाय, भाऊसाहेब."